मराठी पुस्तकं कॅटलॉगमध्ये सापडू द्या: विद्यापीठांच्या ग्रंथपालांना आणि ग्रंथालय समित्यांना खुलं पत्र

आदरणीय ग्रंथपाल सर, मॅडम आणि ग्रंथालय समितीचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी घणसोलीला राहते, महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि उरलेल्या वेळात आमच्या आगरी लग्नांत म्हटले जाणारे धवले गोळा करते. ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते, आमच्यात लग्न लावायचा मान जुन्या काळापासून धवलारणीचा, ती बाई एकेक विधीला धवला गाते, हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा, आणि हे सगळं तोंडपाठ, कागद नाही काही नाही. ठाणे, बेलापूर पट्टी, पनवेल, उरण या बाजूला अजून काही म्हाताऱ्या बायांना ते येतात. त्यांच्याकडे बसून रेकॉर्ड करणं माझ्या हातात आहे, ते मी करते. पण आधी कोणी हे लिहून ठेवलंय का, कुठल्या गावचा पाठ कसा होता, कुठलं कडवं आता कोणालाच येत नाही, हे बघायचं तर लायब्ररी लागते आणि तीही विद्यापीठाची, कारण जुने प्रबंध, लोकगीतांचे संग्रह, बंद पडलेली मासिकं हे घराजवळच्या वाचनालयात नसतं.

हे पत्र कुठल्या एका विद्यापीठाला नाहीये. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात आता सरकारी, खाजगी, अभिमत अशी बरीच विद्यापीठं झालीत आणि मी जे सांगणार आहे ते मला थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या ठिकाणी दिसलंय, म्हणून नाव घेत नाही, ज्याला जे लागू पडेल ते त्यांनी घ्यावं.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्याकडे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, चांगली आहेत, काही तर दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत अशी आहेत, पण तुमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ती सापडत नाहीत. आणि माझ्यासारख्या बाहेरून येणाऱ्या माणसाला कॅटलॉगमध्ये जे सापडलं नाही ते तुमच्याकडे नाहीच.

तुम्हाला कदाचित वाटेल की कॅटलॉगचं एवढं काय, लायब्ररीत या, रॅकवर बघा, काउंटरवर विचारा. कॅम्पसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठीक आहे, तो दोन लेक्चरच्या मधे येऊन अर्धा तास रॅक चाळतो. मला मात्र रजा टाकावी लागते, कारण शनिवारी बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, रविवारी तर प्रश्नच नाही. घरचं आवरून निघायचं, लोकल, मग बस नाहीतर रिक्षा, गेटवर आयडी, रजिस्टरमध्ये नाव, बॅग बाहेर ठेवून टोकन, असं करत आत पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो. रजा टाकायची की नाही हे मी आदल्या रात्री मोबाईलवर तुमचा कॅटलॉग बघून ठरवते. डोंबिवलीचा शिक्षक, मुरबाडची आशाताई, उरणचा रिटायर्ड माणूस, ज्या कोणाला काही शोधायचंय ते सगळे असंच ठरवत असणार. म्हणून कॅटलॉग बरोबर असणं आम्हाला एवढं महत्त्वाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. देवनागरीत आगरी टाइप केलं, शून्य रिझल्ट. ठीक आहे, रोमनमध्ये असेल म्हणून इंग्रजी अक्षरांत आगरी टाकलं, म्हणजे साधं ए-जी-आर-आय, तर पानंच्या पानं ॲग्रिकल्चर, शेतीचं अर्थशास्त्र, खतं, ॲग्रिकल्चरल मार्केटिंग. मग सुरुवातीला दोन ए टाकून बघितले तेव्हा एक पुस्तक आलं. मग ए-जी-ए-आर-आय टाकलं तेव्हा दुसरंच एक आलं. दोन्ही पुस्तकं एकाच विषयावरची, एकाच इमारतीत, आणि एकाचा पत्ता लागला तरी दुसऱ्याचा लागेलच असं नाही, कारण नोंद करणाऱ्याने त्या दिवशी जसं सुचलं तसं स्पेलिंग केलं. लोकगीते हा शब्द मला आत्तापर्यंत इतक्या वेगवेगळ्या स्पेलिंगांनी दिसलाय की मी वहीच्या मागच्या पानावर सगळी स्पेलिंगं लिहून ठेवलीयत आणि प्रत्येक नवीन कॅटलॉगमध्ये ओळीने सगळी टाकून बघते. मिठागर, खाडी, कोळी, हळदी, प्रत्येक शब्दाची अशीच गत. वाचकाला हे करायला लागणं बरोबर नाही. एम.ए.ला असलेल्या मुलीला कोणी सांगत नाही की स्पेलिंग बदलून बघ, ती एकदा सर्च करते, शून्य येतं, आणि ती गाईड मॅडमना जाऊन सांगते की या विषयावर काही झालेलंच नाही. असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्याच लायब्ररीत त्याच विषयावरचं पुस्तक माझ्या हातात होतं.

हे असं का झालं तेही मला कळतं, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाहीये. आपल्याकडे ग्रंथालयं कॉम्प्युटरवर यायला लागली तेव्हा देवनागरी टाइप करायचं म्हणजे सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट नावाचं साधन नाहीतर विकतचे फॉन्ट, एका मशीनवर टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती चित्रविचित्र चिन्हं. १९९१ ला युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसतील अशी पद्धत, आलं आणि त्यात पहिल्यापासून देवनागरी होती, पण ते आपल्या ऑफिसांतल्या मशीनपर्यंत पोचायला कितीतरी वर्षं गेली. हजारो पुस्तकांचा डेटा भरायचा होता, मुदत होती, मग रोमनमध्ये भरा आणि पुढे चला असं झालं. त्या वेळी त्याला इलाज नव्हता. पण आता आमच्या गावातल्या भाजीवाल्या मावशी मोबाईलवर मराठीत मेसेज करतात आणि विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तक मराठीत सापडत नाही हे कसं चालेल. काही ठिकाणी तर त्या जुन्या फॉन्टमधल्या नोंदी तशाच्या तशा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आल्यात, शीर्षकाच्या जागी फक्त तुटकी अक्षरं दिसतात, लेखकाच्या जागी तीच, आणि खाली मात्र पानं आणि किंमत व्यवस्थित. अशा नोंदी युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, ठाण्यात डीटीपीचं काम करणारी माणसं रोज तेच करतात, हे अशक्य कोटीतलं काम नाही.

सॉफ्टवेअरमुळे अडलंय असंही मला वाटत नाही. कोहा हे कॅटलॉगचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलं, २००० च्या जानेवारीपासून चालू आहे, फुकट मिळतं आणि देवनागरी व्यवस्थित घेतं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअरही भारतीय लिप्यांसाठी युनिकोड वापरतं. नोंदीचा जो मार्क २१ नमुना सगळीकडे चालतो त्यात तर मूळ लिपीतली नोंद ठेवायला ८८० नंबरचं वेगळं फील्डच दिलेलं आहे, म्हणजे रोमन नोंद पुसायचीही गरज नाही, ती राहू दे, तिच्या जोडीला देवनागरी द्या. ज्याला जशी येईल तशी तो शोधेल.

नुसतं देवनागरी केलं तरी पुरत नाही, हे मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण काही ठिकाणी देवनागरी आहे आणि तरीही सापडत नाही. शेतकऱ्यांचा हा शब्द घ्या, आपल्याकडे शेतीवरच्या निम्म्या शीर्षकांत तो असतो. त्यातला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, स्क्रीनवर अगदी सारखा दिसतो, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द. ॲ चंही तसंच, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला स्वतंत्र आलं, त्याच्या आधीचे लोक अ वर चंद्र काढायचे, त्यामुळे ॲडव्होकेट शोधला की निम्मे वकील गायब. आकडे काही नोंदींत मराठी, काहींत इंग्रजी, त्यामुळे खंड आणि वर्ष टाकून शोधलं की गोंधळ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुनं शुद्धलेखन. १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याच्या आधी छापलेल्या पुस्तकावर गांव असंच आहे, कांहीं असंच आहे, आणि कॅटलॉग करणाऱ्याने मुखपृष्ठावर जसं आहे तसं उतरवलं, जे अगदी बरोबर आहे. फक्त मी आज गाव असं टाकलं की १९६२ पूर्वीची सगळी गांवं बाहेर राहतात. माझ्या कामाचं तर निम्मं साहित्य त्याच काळातलं आहे! यासाठी नोंदी बदलू नका, पुस्तकावर आहे तेच राहू द्या. सर्च करताना अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, अर्धा र, ॲ हे सारखे धरायचे असा नियम सॉफ्टवेअरला घालून देता येतो, कोहामध्ये तशी सोय आहे. तुमच्या कॉम्प्युटर विभागातल्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून दिलं तर ते करतील, आणि एका विद्यापीठाने केलं की तीच फाइल बाकीच्यांना देता येईल.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचा गोंधळ हा आमच्या भागाचा स्वतःचा त्रास आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ठाणे हे ठाणा असं लिहिलेलं असतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ चा खंड ठाणा म्हणून आहे, त्यात आगरी, कोळी, वारली, मिठागरं, खाडीचा व्यापार सगळ्यांबद्दल पानंच्या पानं माहिती आहे, आणि आजच्या मुलाने आजच्या स्पेलिंगने ठाणे टाकलं की तो खंड वर येतच नाही. पनवेल-उरणचं बरंचसं जुनं लिखाण कुलाबा जिल्हा म्हणून आहे, रायगड हे नाव १९८१ चं. पालघर जिल्हा २०१४ च्या १ ऑगस्टला झाला, म्हणजे जव्हार-मोखाड्यावरचं, वारल्यांवरचं त्याआधीचं बरंचसं काम ठाण्याखाली. आणि नवी मुंबईचं तर विचारूच नका, सिडको १९७० ला आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यावर अभ्यास झाले, पण इंग्रजीत त्या वेळी हिला न्यू बॉम्बे म्हणायचे, त्यामुळे नेरूळ किंवा कोपरखैरणेच्या फ्लॅटमध्ये वाढलेला मुलगा आपल्या शहराच्या नावाने शोधतो तेव्हा पहिली वीस-पंचवीस वर्षं त्याला दिसतच नाहीत. त्याच्या बिल्डिंगखाली कोणाची भातशेती होती, कोणाची खाजण होती हे त्या अभ्यासांत आहे.

पूर्वी यावर साधा उपाय होता आणि तो तुम्हीच लोकांनी करून ठेवला होता. लाकडी ड्रॉवरमधली तालिकापत्रं, म्हणजे कॅटलॉगची कार्डं. कुलाबा काढलं की त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं असायचं, रायगड पहा. कुसुमाग्रज काढलं की वि. वा. शिरवाडकर हेही पहा. लेखिकेचं लग्नाआधीचं आडनाव काढलं की लग्नानंतरचं पहा. ही कार्डं ज्यांनी लिहिली त्यांना पुस्तकंही माहीत होती आणि वाचकही माहीत होते. कॉम्प्युटर आल्यावर कार्डावरचं शीर्षक आणि लेखक आत गेला आणि हे पहा, हेही पहा बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिलं. आज तेच नाव एका नोंदीत व्ही. व्ही. आहे, दुसऱ्या नोंदीत व्ही-आय व्ही-ए आहे, तिसऱ्यात पूर्ण विष्णु वामन आहे, आणि तिन्ही एकाच माणसाचे आहेत हे कॅटलॉगला माहीतच नाही. माझी हात जोडून विनंती आहे, ज्यांच्याकडे ते ड्रॉवर अजून आहेत त्यांनी ते रद्दीत काढू नका. कार्डांचे मोबाईलने फोटो काढून ठेवले तरी चालेल, पण त्यावरच्या खुणा आधी नव्या कॅटलॉगमध्ये येऊ द्या. त्यात कोणाकोणाच्या आयुष्यभराच्या कामाची माहिती आहे.

विषयाचं पण बघा. मराठी पुस्तक आलं की विषय मराठी साहित्य, वर्गांक ८९१.४६, झालं काम. आता धवल्यांचा एखादा संग्रह ८९१.४६ ला बसतो किंवा ३९८ ला, लोकसाहित्यात, बसतो, दोन्ही चूक नाही, पण रॅक वेगळे, कधीकधी मजले वेगळे. विषयाच्या जागी लग्नगीतं, आगरी समाज, ठाणे जिल्हा एवढे चार शब्द घातले असते तर कुठल्याही रॅकवर असलं तरी सापडलं असतं. इंग्रजी पुस्तकांना हे सगळं मिळतं कारण त्यांची नोंद बाहेरच्या मोठ्या ग्रंथालयाकडून तयार उचलता येते. मराठी पुस्तकाला ते तयार मिळत नाही, त्याची नोंद आपल्यालाच बसून करावी लागते, आणि आपण केली नाही तर कोण करणार, लंडनमध्ये बसून कोणी करणार आहे का. लेखसंग्रह आणि दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका तर आणखी पुढची गोष्ट, पण आमच्यासारख्यांना हवा असलेला एकुलता एक लेख बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता प्रबंध. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते.

यूजीसीने २००९ ला नियम केला आणि पीएचडीचे प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यायला लागले, ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या वेबसाइटवर जातात आणि कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. ही इतकी चांगली गोष्ट झाली की माझ्यासारख्या कुठल्याच विद्यापीठात नसलेल्या बाईला रात्री अकरा वाजता प्रबंध उघडून वाचता येतो. पण त्याच्या आधीचे? साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून, टेपरेकॉर्डर खांद्याला लावून जे गोळा केलं ते टाइपरायटरवर टाइप करून, काळ्या-लाल रेग्झिनमध्ये बांधून तुमच्याकडे जमा केलं. काही विद्यापीठांनी जुनेही स्कॅन करून चढवलेत, त्यांचे मनापासून आभार. पण बऱ्याच ठिकाणी ते आत कुठल्यातरी खोलीत आहेत, कॅटलॉगमध्ये नाहीत, त्यांची यादी एका हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये आहे आणि ते रजिस्टर कुठे आहे ते एकाच माणसाला माहीत आहे. एम.फिल.चे लघुप्रबंध तर त्या रजिस्टरमध्येही सापडतील की नाही देव जाणे.

मला हवा असलेला एक प्रबंध मला असाच मिळाला. कॅटलॉगमध्ये नव्हता, काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून नाही म्हणून सांगितलं, तिने बरोबरच सांगितलं, तिच्या स्क्रीनवर नव्हताच. तिथल्या एका शिपाईकाकांनी माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, थांबा ताई, लग्नाच्या गाण्यांचा ना, बघतो. आणि आत जाऊन धूळ पुसत घेऊन आले. त्याच्या शेवटी परिशिष्टात धवल्यांचे पाठ होते, गावाचं नाव, गाणाऱ्या बाईचं नाव, वय, तारीख सगळं लिहिलेलं. त्यातली दोन गावं आमच्या पट्टीतली. त्या बाया आता नाहीत, त्यांच्या मुलींना त्यातलं अर्धंही येत नाही, आणि तो पाठ जगात त्या एका कागदावर आहे. ते काका पुढच्या वर्षी रिटायर होणार आहेत. त्यांच्यानंतर तो प्रबंध कोण काढून देणार? हा प्रश्न मी अगदी खरोखर विचारतेय, समितीच्या मीटिंगमध्ये एकदा तरी हा विषय घ्या. सगळे प्रबंध लगेच स्कॅन होणार नाहीत हे कळतं, त्याला पैसे लागतात, परवानग्या लागतात. पण यादी? शीर्षक, विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, विषय, आणि कुठल्या कपाटात आहे ते, एवढं देवनागरीत टाइप करून कॅटलॉगमध्ये टाकायला तर कोणाची परवानगी लागत नाही ना.

येण्याजाण्याबद्दल थोडं. बाहेरच्या वाचकाला तुम्ही आत घेता की नाही, घेता तर काय कागद लागतात, डिपॉझिट किती, नुसतं बसून वाचायला वेगळी फी आहे का, प्राचार्यांचं किंवा कोणाचं पत्र लागतं का, हे वेबसाइटवर एका जागी मराठीत लिहा. बऱ्याच साइटवर वेळापत्रक जुनं असतं, परीक्षेच्या काळातलं वेगळं असतं ते तर नसतंच, आणि फोन उचलला जात नाही. पत्र लागतं ही अट माझ्यासारख्या नोकरीवाल्या माणसाला फार अडचणीची आहे, मी कोणाचं पत्र आणू, कंपनीच्या एचआरचं? आधार कार्ड आणि डिपॉझिट घ्या, पुस्तक घरी देऊ नका, बसून वाचू द्या, तेवढं पुरे. काही ठिकाणी असं करतातही आणि तिथे मला फार आपुलकीने वागवलंय. वाचनकक्षात जागा कमी पडते हे मी बघते, एमपीएससीची मुलं सकाळपासून स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेली असतात आणि त्यांनी बसायलाच पाहिजे, घरी वन रूम किचनमध्ये ती कुठे अभ्यास करणार. आम्हाला संदर्भ विभागात एक टेबल द्या, बस.

आणि कॅटलॉगमध्ये उपलब्ध असं लिहिलेलं असेल तर पुस्तक खरंच जागेवर असू दे. उपलब्ध दिसतं म्हणून यावं आणि काउंटरवर कळावं की ते बायंडिंगला गेलंय, किंवा विभागाच्या लायब्ररीत आहे आणि तिथले सर आज आलेले नाहीत, किंवा दुसऱ्या उपकेंद्राला पाठवलंय, किंवा नुसतंच मिळत नाहीये, याचा त्रास होतो. रजा गेलेली असते हो. सगळा स्टॉक दरवर्षी तपासणं जमत नसेल तर निदान जे पुस्तक मागितलं आणि मिळालं नाही त्याच्या नोंदीवर त्याच दिवशी तसं लिहून टाका, पुढच्या माणसाची खेप वाचेल. रंगनाथन सरांनी १९३१ ला ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा हा आहे, आणि १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला तुम्ही ग्रंथपाल दिन करता, त्या दिवशी या एका गोष्टीची सुरुवात केली तर मला फार आनंद होईल. कॅटलॉग कॅम्पसच्या बाहेरून, मोबाईलवरून उघडला पाहिजे हे तर सांगायलाच नको खरं म्हणजे, पण काही ठिकाणी अजून तो फक्त आतल्या मशीनवर चालतो, आणि एकदा आत आल्यावर मला तो कशाला लागणार.

माणसं कमी आहेत, जागा रिकाम्या आहेत, कंत्राटी लोकांवर काम चाललंय, हे काउंटरच्या या बाजूनेही दिसतं. पैशाचंही मला थोडंफार माहीत आहे. केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शनसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांना ६००० कोटी मंजूर केले, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांतल्या मुलांना मिळणार, आणि ते व्हायलाच हवं होतं, गरीब घरातल्या संशोधकाला त्याचा किती उपयोग होईल. त्याच वेळी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. या दोन्हीच्या मधे आपल्याच रॅकवरच्या मराठी पुस्तकांची नोंद नीट करायला एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मराठी येणारी दोन माणसं, एवढ्या पैशांची मागणी समितीने विद्यापीठाकडे करायला काय हरकत आहे. तुम्ही मागणी करा, आम्ही वाचक म्हणून सह्या देतो.

ठाण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, या शहरातल्या लोकांनी मराठी पुस्तकं एका जागी राहावीत म्हणून ते तेव्हा उभं केलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आता त्याच विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्यात बाळकूमला आहे, खाडीच्या या बाजूला नवी विद्यापीठं आहेत. एवढ्या सगळ्यांकडे मिळून आमच्या भागावरचं जे साहित्य आहे ते एकाच सर्चमध्ये दिसलं तर काय होईल विचार करा. देशभरातल्या विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटचा इंडकॅट हा सामाईक कॅटलॉग आहे, पण तिथेही तीच स्पेलिंगची रामकहाणी, कारण खालून जसा डेटा जातो तसाच वर दिसतो. आपण आपल्यापुरती ठाणे, रायगड, पालघर या तीन जिल्ह्यांवरच्या मराठी पुस्तकांची आणि प्रबंधांची एक सामाईक यादी केली तर ती फार मोठी होणार नाही. वर्षभराच्या आत होण्यासारखी आहे असं मला वाटतं.

यासाठी आम्ही काही जण वेळ द्यायला तयार आहोत. ऐरोलीच्या एक रिटायर्ड मराठीच्या बाई आहेत, ठाण्यात डीटीपी करणारा एक मित्र आहे ज्याला जुने फॉन्ट पाठ आहेत, बीएच्या वर्गातली काही मुलं आहेत, आणि मी आहे. आम्ही शनिवारी येऊ, तुमच्या माणसाच्या देखरेखीखाली बसू, पैसे नकोत. तुमच्या सिस्टीमला हात लावायचा नसेल तर आम्हाला एक एक्सेल शीट द्या, त्यात भरून देतो, तुमच्या ग्रंथपालांनी तपासून मगच आत घ्यावं. सुरुवात प्रबंधांच्या रजिस्टरपासून करूया, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. पहिली शंभर नावं करून दाखवतो, पसंत पडली तर पुढे. ज्या ग्रंथालयाची तयारी असेल त्यांनी आपल्या वेबसाइटवर किंवा नोटीस बोर्डवर तसं लावावं, वेळ आणि कोणाला भेटायचं तेवढं लिहावं, आम्ही येतो.

आपली,
घणसोलीची एक वाचक